चांदकीचा तक्ता: गिरणीवरच्या प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

८ जून, रविवार

वाचनालयाच्या बैठकीत काम माझ्या गळ्यात पडलं. शुगर असलेल्यांनी रोजच्या जेवणात काय घ्यायचं, याचा एक मराठी तक्ता करायचा आणि तो लावायचा आमच्या गिरणीत. वाचनालयात रोज पंधरा-वीस माणसं येतात, गिरणीत अख्खा गाव येतो. १४ नोव्हेंबरला, मधुमेह दिनाला, तक्ता भिंतीवर पाहिजे असं ठरलं.

विषय निघाला आत्तींच्या कागदावरून. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७१, शुगर नऊ वर्षांची. बेळगाव शहरातल्या एका दवाखान्यानं त्यांना आहाराचा छापील कागद दिलाय. पुढून कन्नड, मागून इंग्रजी. आत्ती मराठी चौथी शिकलेल्या. मी त्यांना वाचून दाखवला: ओट्स, ब्राऊन राइस, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. खानापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात यातलं एकही दुकानात मिळत नाही आणि आमच्या चुलीवर जे रोज शिजतं त्यातलं एकही कागदावर नाही. भाकरी नाही, हुलगा नाही, मसूर नाही, उप्पीट नाही. आत्तींनी कागदाची चौघडी करून गोळ्यांच्या डब्याखाली सारली. डबा डुगडुगायचा, तो आता हलत नाही.

आजपासून आठ दिवस: दळप टाकायला आलेलं माणूस खाण्याबद्दल जे विचारेल ते वहीत.

१५ जून

वही भरली. "शुगरला कुठलं पीठ चांगलं?" हा एकच प्रश्न ३१ वेळा. त्याखालोखाल भात चालतोय काय, गूळ चालतोय काय, नाचणी खाल्ली तर गोळी सुटती काय.

एक तात्या म्हणाले, "मी भात सोडलोय बघ वर्ष झालं, तरी शुगर उतरेना झालीय." म्हटलं, भाकऱ्या किती? "तीन. जोंधळ्याची हाय की, त्याला काय होतंय."

इथं एक कबुली लिहून ठेवते. 'शुगरचं पीठ' हा प्रकार आमच्या गिरणीत मीच चार वर्षांपूर्वी आणला. पाच किलो गहू, एक किलो जोंधळा, एक किलो नाचणी, अर्धा किलो हरभरा, अर्धा किलो सोयाबीन, मूठभर मेथ्या. साध्या गव्हाच्या पिठापेक्षा किलोमागं जास्त पैसे घेते. कृती मोबाईलवर बघितलेली. त्यानं शुगर कमी होते की नाही, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

१९ जून

रात्री वाचनालयातल्या पोरानं राष्ट्रीय पोषण संस्थेचे (हैदराबाद) २०१७ चे तक्ते संगणकावर उघडून दिले. शंभर ग्रॅममागं पिष्टमय पदार्थ, म्हणजे ज्याची पोटात साखर होते ते:

तांदूळ ७८, ज्वारी ६८, नाचणी ६७, गव्हाचं पीठ ६४, बाजरी ६२.

मी दोनदा बघितलं. ज्वारी, नाचणी आणि गहू यांच्यात चारच ग्रॅमचा फरक. तंतूंचा फरक आहे तो तांदळाशी: तांदळात तीन ग्रॅमही नाहीत, बाकीच्यांत दहा-अकरा. तंतू असले की साखर सावकाश चढते, तेवढा फायदा खरा. पण पीठ मैद्याच्या चाळणीनं चाळून कोंडा म्हशीला घातला की तोही गेला. आमच्याकडं निम्म्या घरांत चाळतात.

कडधान्यांकडं बघितलं तर चित्र वेगळं. हुलग्यात प्रथिनं २२ ग्रॅम, मसुरीत त्याहून थोडी जास्त. तांदळात ८.

२२ जून

वजनकाटा आणला, सोनाराचा नव्हे, केकवाल्यांचा. आत्ती भाकरी करत होत्या आणि मी पिठाची परात दर भाकरीआधी आणि भाकरीनंतर काट्यावर ठेवत होते. "पीठ काय पळून चाललंय काय गं," आत्ती.

त्यांची पद्धत: आधणाचं पाणी पिठात ओतून उलथन्यानं ढवळायचं, चटका सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या गादीनं रगडून रगडून मळायचं, मग काठवटीत कोरड्या पिठावर थापायचं. थापताना त्या भाकरी फिरवत नाहीत, हात फिरवतात आणि भाकरी आपोआप फिरते. कडेला चीर नाही. तवा भरून भाकरी, वरून पाण्याचा हात.

एका भाकरीला पीठ लागलं ८४ ग्रॅम. दुसरीला ८१, तिसरीला ८६. माझ्या चपातीला ३२.

म्हणजे आत्तींच्या एका भाकरीत सुमारे ५७ ग्रॅम पिष्ट आणि माझ्या चपातीत २० ग्रॅमच्या आसपास. एक भाकरी म्हणजे जवळजवळ तीन चपात्या. "चपाती शुगरला वाईट म्हणून भाकरीवर आलो" म्हणणारं माणूस दोन चपात्या सोडून दोन भाकऱ्यांवर येतं आणि दुपटीहून जास्त खातं. यात जोंधळ्याचा काही दोष नाही. तव्याचा आहे, म्हटलं तर.

मग भात. आमची मधली वाटी सपाट भरली की शिजलेला भात १५० ग्रॅम, त्यात पिष्ट ४२ च्या जवळपास. आत्तींचं रात्रीचं जेवण दीड भाकरी आणि वाटीभर भात: सव्वाशेच्या वर. सोबत आमटी, तीही पातळ, डाळ तळाला. भाजी दोन बोटं.

'शुगरला काय चालतं' या नावाखाली दोन पानं लिहिली होती, ती फाडली.

४ जुलै

आठवडाभर आत्तींच्या बोटाला टोचून झालं. खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजायचं. पट्ट्या महाग, म्हणून दिवसाला एकच.

बशीभर उप्पीट: २३१.
चुरमुऱ्याचा सुशीला: २४४. (हलका म्हणून दवाखान्यातून आलेल्या माणसाला आपण हाच देतो.)
नाचणीची आंबील गूळ घालून, मोठा पेला: २३८.
तीच आंबील ताकातली, लहान पेला: १९६.
निम्मं उप्पीट आणि मोडाच्या मसुरीची वाटीभर उसळ: १८४.
हुलग्याचं माडगं आणि अर्धी भाकरी: १७९.

जेवणानंतर १८० च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. घरगुती यंत्राचा आकडा पंधरा टक्के इकडंतिकडं होऊ शकतो, त्यामुळं १७९ आणि १८४ यांच्यात भेद करायचा नाही. आणि हे एका बाईचे एका आठवड्याचे आकडे आहेत, ते तक्त्यावर छापायचे नाहीत. पण आत्तींना त्यांच्यापुरतं पटलं. नाचणीचा मात्र त्यांना राग आला. नाचणी कॅल्शियमला चांगली, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, त्यात खोट नाही. पण बारीक दळून, पाण्यात रटरटा शिजवून, वर गूळ घातला की ती पोटात भरभर उतरते. गूळ म्हणजे रंग बदललेली साखर. आपला उसाचा जिल्हा, इथं हे जोरात बोलायची सोय नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज चूक झाली आणि ती माझी.

आत्तींनी सकाळी सातला नेहमीच्या गोळ्या घेतल्या, त्यात ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी. फराळ देवळातून आल्यावर करणार म्हणाल्या. मी गिरणीवर. सव्वाअकराला शेजारची वहिनी पळत आली. आत्ती पायरीवर बसलेल्या, लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते आणि मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारत होत्या. यंत्र लावलं: ५८.

साखर पाहिजे होती. आणि साखरेची बरणी मीच गेल्या आठवड्यात माळ्यावर टाकली होती, प्रकल्पाच्या उत्साहात. स्टूल ओढलं, बरणी काढली, झाकण चिकटून बसलेलं, मुंग्या. वहिनीनं तोवर स्वतःच्या घरून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ८६. मग दूध आणि केळं.

दुपारी त्यांनी हट्टानं साबुदाण्याची खिचडी खाल्लीच. दोन तासांनी २७४. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, दाण्याचा कूट घातला म्हणून काय ती प्रथिनं. एकाच दिवशी ५८ आणि २७४. "एकादशी आणि दुप्पट खाशी" हे आपण हसण्यावारी नेतो.

बरणी खाली आणली. ओट्यावर, पुढं.

७ जुलै

डॉक्टरांना भेटले. शब्द त्यांचे नव्हेत, माझे: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण चुकवायचं नाही. उपास करायचा असेल, किंवा भाकरी-भात एकदम कमी करायचा असेल, तर आधी गोळीचं विचारायचं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर गेली नसेल तर पुन्हा साखर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची.

हे तक्त्यावर सगळ्यात वर, लाल चौकटीत. कमी खा म्हणून सांगणाऱ्या कागदावर हे नसेल तर तो कागद लावूच नये.

२० जुलै

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर कानडी. मराठी समजतं, बोलतात थोडं. आशाताईंना मध्ये घेऊन बसलो. सिस्टर प्रत्येक पेशंटला एकच विचारतात: "एष्टु?" किती. भात खाल्ला म्हटलं की एष्टु, चहा म्हटलं की एष्टु. त्यांचं म्हणणं, लोक काय खाल्लं ते खरं सांगतात, किती ते खोटं सांगतात.

चहाचा हिशेब तिथंच झाला. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे: दहा चमचे साखर, आणि हे कुणी 'खाण्यात' धरत नाही. मी स्वतः चार कपांवर आहे.

सिस्टरांनी सुचवलं म्हणून प्रत्येक धान्याखाली कन्नड नावही घालायचं: जोळ, रागी, हुरळी. गिरणीत कानडी बायकाही येतातच की.

१० ऑगस्ट

शनिवारी शहरात भाजी बाजारात गेले होते, त्याची नोंद आज. पावसात पालेभाज्यांना माती फार, पण अंबाडी (कानडीत पुंडी), राजगिरा, शेपू, मेथी सगळं होतं. दोडका, पडवळ, कारली, गवारी, घेवडा. यातलं काहीही पोटभर खाल्लं तरी शुगरला धक्का नाही, तेल हात राखून घातलं तर. अडचण अशी की आपल्याकडं भाजी ही भाकरीला लावून खायची वस्तू. मेथीच्या तीन जुड्या परतल्या की सहा माणसांत प्रत्येकी लिंबाएवढी येते. तक्त्यावर 'भाज्या भरपूर खा' लिहून काही होत नाही. भाजी दुप्पट करायची म्हणजे निवडायला दुप्पट वेळ, आणि तो कुणाचा जातो ते सांगायला नको. म्हणून दोडका, कोबी, काकडी, मुळा असं पटकन होणारं पुढं घेतलं.

बटाटा आणि रताळं भाजीच्या रांगेतून काढून धान्याच्या रांगेत टाकले. रताळी तर आपल्या तालुक्याची ओळख, हंगामात ट्रक भरून बाहेर जातात. रताळं खायला बंदी नाही, फक्त त्या दिवशी तेवढी भाकरी कमी.

उसळींवर मात्र मी रेंगाळले. येळ्ळूरच्या बाजूला भात काढल्यावर त्याच वाफशावर मसूर पेरतात, ती बारीक काळपट मसूर इथं घराघरात असते. भिजवून, मोड आणून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, तिखट चढं. ती आपण पाहुणे आले की करतो आणि एरवी पातळ आमटीवर भागवतो. हेच उलटं करायला पाहिजे: रोज सुकी उसळ, वाटी भरून, आणि ती आधी खायची, भाकरी मागून. आधी भाजी-उसळ आणि नंतर भाकरी-भात खाल्ला तर साखर कमी चढते, असं चाचण्यांत दिसलंय आणि त्याला पैसाही पडत नाही. शिवाय ताक, अंडं, बुधवारी-रविवारी मासा. दाण्याची किंवा कारळ्याची चटणी चमचाभर चालते, पण तिच्या जोरावर तिसरी भाकरी उतरते हा तिचा तोटा.

रेशनचा तांदूळ हा एक मुद्दा राहतो. फुकट मिळणारा तांदूळ सोडून मसूर विकत घ्या, हे सांगणं सोपं नाही. मसूर अर्धी मूठ जास्त आणि तांदूळ एक मूठ कमी, एवढंच लिहिणार.

७ सप्टेंबर

गणपती काल गेले. अकरा दिवस काम शून्य, करंज्या मोजल्या नाहीत.

१४ सप्टेंबर

घरात वाद. तक्त्याचा मसुदा गिरणीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, वाचला. त्यात मी लिहिलंय: 'पीठ बदलल्यानं शुगर फारशी बदलत नाही, वाटा कमी केल्यानं बदलते.' ह्यांचं म्हणणं, "हे आपल्याच भिंतीवर लावायचं? आणि खाली शुगरचं पीठ विकायचं?" बरोबरच होतं. दोन दिवस कुणी विषय काढला नाही.

शेवटी ठरलं ते असं. पीठ राहू दे, त्यात हरभरा-सोयाबीन आहे, थोडी प्रथिनं वाढतात, वाईट नाही. डब्यावरचं 'शुगर' खोडायचं, 'मिश्र पीठ' लिहायचं. जास्तीचे पैसे धान्याच्या दराएवढेच. हरभऱ्याचं प्रमाण दुप्पट. आणि गिरणीच्या दगडांना टाकी लावल्यावर, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडल्यावर, पहिले दोन दिवस पीठ फार बारीक पडतं, तेव्हा मिश्र दळप घ्यायचं नाही, ते जरा जाडसरच बरं. भाकरीच्या जोंधळ्याला हे लागू नाही, जाड पिठाची भाकरी थापताना फुटते आणि बायका मलाच बोलतात.

५ ऑक्टोबर

वाचनालयातला पोरगा बातमी घेऊन आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या मधुमेह पाहणीचा आहारावरचा निबंध सप्टेंबरअखेर नेचर मेडिसिनमध्ये आलाय. भारतीयांच्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. पॉलिश केलेल्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी गव्हाचं वा भरडधान्याचं पीठ घेतलं, तर एवढ्यानं मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथं डाळी-कडधान्यांची किंवा दुधा-दह्याची प्रथिनं घेतल्यावर मात्र कमी दिसला.

हे मधुमेह होण्याच्या धोक्याबद्दल आहे, झालेल्यांच्या उपचाराबद्दल नाही, आणि पाहणी आहे, औषधाची चाचणी नव्हे. तरी मी बातमी कापून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ह्यांनी वाचली, काही बोलले नाहीत, उसळ पुन्हा वाढून घेतली.

१२ ऑक्टोबर

मसुदा गिरणीत टांगून बघितला. सपशेल पडला. 'पीठ ४० ग्रॅम' वाचून एक काकू म्हणाली, "आम्ही काय सोनं खातोय?" वाटी म्हटलं तर प्रत्येकीची वाटी वेगळी. एकीची वाटी म्हणजे आमचं फुलपात्र.

मग पुठ्ठ्याची भाकरी कापली, ४० ग्रॅम पिठाची होते तेवढी, आणि खिळ्याला अडकवली. ती बघून हशा. "ही भाकरी होय? ही तर पोराची चांदकी!"

लहान पोरांसाठी शेवटच्या गोळ्याची जी इवली भाकरी करतात ती चांदकी. शब्द सगळ्यांना माहीत, आकार सगळ्यांच्या हातात बसलेला, ग्रॅम सांगायची गरज नाही. तक्त्याचं नाव बदललं. जेवणाला दोन चांदक्या किंवा एक चांदकी आणि अर्धी वाटी भात, वाटीभर उसळ, भाजी त्याहून जास्त, ताक. कष्टाचं काम करणाऱ्यानं, गरोदर बाईनं किंवा गोळी-इन्शुलिनवाल्यानं आपलं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं, ही ओळ मोठ्या अक्षरात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर उसळीचंही विचारून.

आत्ती आता स्वतःसाठी वेगळा लहान तवा वापरतात. म्हणतात, मोठ्या तव्यावर चांदकी दरिद्री दिसते.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आत्तींचा शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट (एचबीए१सी, टक्क्यांत) आला: जूनमध्ये ९.१ होता, आता ८.३. तक्त्यामुळं असं मी कुठंही म्हणणार नाही. मध्यंतरी डॉक्टरांनी एक गोळीही वाढवलीय. शिवाय आत्ती संध्याकाळी जेवल्यावर देवळापर्यंत चालत जातात, पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला, गप्पांचा वेळ वेगळा.

कुंदा. याला तक्त्यात जागा द्यायची की नाही यावर वाचनालयात तासभर गेला. खवा आणि साखर, त्याला दुसरं नाव नाही. पण बेळगावात राहून पाहुण्यांपुढं कुंदा येणारच नाही असं धरून चालणं खोटं. तळाला बारीक अक्षरात: 'जेवणानंतर एक चमचा, त्या जेवणाचा भात सोडून. नुसत्या पोटी नको.' शुगर फ्री बिस्किटांना त्याच ओळीत घातलं, बहुतेकांत मैदा असतोच.

१ नोव्हेंबर

आज कर्नाटक राज्योत्सव, शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त. छपाईला गेले नाही.

१४ नोव्हेंबर

तक्ता लागला. वर लाल चौकट, खाली चांदकी खऱ्या आकारात छापलेली, शेजारी खिळ्याला साखळीनं बांधलेली स्टीलची वाटी, १५० ग्रॅमची. उद्घाटन वगैरे काही नाही, गिरणी चालू होती, कुणी काय बोललं ते ऐकूही आलं नसतं.

जूनमध्ये भात सोडलेले ते तात्या आले. चांदकीवर तळहात ठेवून बघितला. "म्हणजे माझ्या एका भाकरीच्या दोन होतात ह्या," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि भात खाल्लो तर चालतंय म्हणतीस अर्धी वाटी?" होय म्हटलं, एक चांदकी सोडून. वर्षभरानं भात मिळणार म्हणून गडी खूष होऊन गेला. जाताना गोळी कुठली चालू आहे ते विचारायचं माझ्याकडून राहिलं. उद्या आशाताईंना त्यांच्या घरी पाठवते.

१८ नोव्हेंबर

तक्त्यावर पिठाचा थर बसतो, रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचा. साखळी आहे, वाटी गेली. नेणारणीनं निदान ती भातालाच वापरावी. तसलीच वाटी खडेबाजारात मिळते का ते गुरुवारी बघायचं, दोन आणायच्या.